पहिल्या अठ्ठावीस दिवसांचा हिशेब

वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, लेखापरीक्षकांचा अहवाल व देणगीदारांची नामावली यांबरोबर एखादा अभ्यासलेख असावा, अशी आपल्या न्यासाची प्रथा आहे. प्रसूती विभाग व नवजात अतिदक्षता विभाग यांच्या विस्ताराचा विषय यंदा विश्वस्त मंडळापुढे असल्याने माता व नवजात अर्भकांच्या आरोग्याविषयीचे संशोधन हा विषय या लेखासाठी घेतला आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकीय क्षेत्रातील नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे औषधोपचारांची चिकित्सा येथे आढळणार नाही. परंतु अल्प उत्पन्नाच्या प्रदेशांत या विषयावर जे मोलाचे संशोधन झाले, त्यातील एक मोठे काम मुळात नोंदींचे आणि हिशेबाचे होते, आणि ते आपल्याच राज्यात, गडचिरोली जिल्ह्यात झाले. हिशेबाच्या माणसाने त्यावर चार शब्द लिहिण्यास तेवढा आधार पुरेसा वाटला.

प्रथम एका संज्ञेचा खुलासा करणे आवश्यक आहे. जन्मापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील बाळास नवजात अर्भक म्हणतात आणि या काळातील मृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे मोजले जातात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २३ लाख बालके या अठ्ठावीस दिवसांत दगावली. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात. भारतातील नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० सालच्या आकडेवारीप्रमाणे हा दर देशासाठी २० व महाराष्ट्रासाठी ११ होता. गडचिरोलीच्या ज्या गावांची हकीकत पुढे येणार आहे, तेथे १९९३ ते १९९५ या काळात तो ६२ होता, म्हणजे जन्मलेल्या दर सोळा बाळांमागे एक.

हा ६२ चा आकडा आपोआप हाती आलेला नाही. खेड्यात घरी जन्मलेले मूल चौथ्या वा सहाव्या दिवशी गेले, तर त्याचा मागमूस कागदावर सहसा उरत नसे. बाराव्या दिवसाचे बारसे झालेले नाही, तेव्हा बाळाला नाव नाही. नाव नाही, तेव्हा शिधापत्रिकेवर नोंद नाही. जन्म नोंदविलेला नसेल, तर मृत्यूची नोंद कोण करणार? घरातील बायका त्याविषयी बोलत नाहीत आणि गावही दोन दिवसांत विसरते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यास गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. त्यांच्या कामाचा पाया ही नोंदच होती. कोणत्या गावात कोण गरोदर आहे, कोणाचे बाळंतपण झाले, बाळ जगले की गेले, हे घरोघर जाऊन लिहून ठेवण्याची यंत्रणा त्यांनी आधी उभारली. उपचार त्यानंतर आले. आपल्याकडे समाजसेवेचे कौतुक करताना त्यागाचे व साधेपणाचे वर्णन फार होते आणि नोंदवहीचा उल्लेख क्वचितच होतो. ही नोंदवही नसती, तर पुढे जे घडले त्याचा एकही पुरावा जगापुढे ठेवता आला नसता.

या दांपत्याचे पहिले गाजलेले संशोधन स्त्रियांच्या आजारांविषयीचे होते. गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले की, ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यांतील जेमतेम आठ टक्के स्त्रियांचीच त्यापूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. माता-आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण, या समजुतीला त्या निबंधाने धक्का दिला. पाठोपाठ बालकांच्या न्यूमोनियावरील गावपातळीवरच्या उपचारांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्यांचे लक्ष नवजात अर्भकांकडे वळले.

या अभ्यासाची मांडणी सविस्तर सांगणे इष्ट आहे, कारण देणगीदार बंधुभगिनींकडून 'संशोधनावर पैसा कशाला?' असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. एकूण ८६ गावे निवडण्यात आली. त्यांपैकी ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी विशेष काळजी घेण्याचा कार्यक्रम राबवावयाचा होता. उरलेल्या ४७ गावांत नेहमीच्याच आरोग्यसेवा चालू राहावयाच्या होत्या. पहिली दोन वर्षे, म्हणजे १९९३ ते १९९५, दोन्हीकडे केवळ जन्ममृत्यूंची नोंद झाली. पहिल्या गटात नवजात मृत्युदर ६२ आणि दुसऱ्यात ५८ निघाला, म्हणजे आरंभीची शिल्लक दोन्ही खात्यांत जवळपास सारखी होती. यानंतर १९९५ ते १९९८ अशी तीन वर्षे ३९ गावांत कार्यक्रम चालला.

त्यातील पहिल्या वर्षी, १९९५-९६ मध्ये, ७६३ बाळांची घरी जाऊन काळजीपूर्वक निरीक्षणे करण्यात आली. त्यांतील निष्कर्ष वाचताना मन अस्वस्थ होते. सुमारे ९५ टक्के बाळंतपणे घरीच झालेली होती. ४२ टक्के बाळांचे वजन अडीच किलोपेक्षा कमी भरले. निम्म्याहून अधिक, ५४ टक्के बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात डॉक्टरांपर्यंत पोहोचली ती २.६ टक्के. त्या वर्षी जी ४० बाळे दगावली, त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यूंचे मुख्य कारण जंतुसंसर्ग हे होते. जन्मतः श्वास कोंडणे व फार अपुऱ्या दिवसांचा जन्म ही कारणे त्याखालोखाल होती. जंतुसंसर्गावर प्रतिजैविके होती आणि ती स्वस्तही होती. ती बाळापर्यंत नेणारे कोणी नव्हते.

येथे संशोधकांनी जो निर्णय घेतला, त्यावर वैद्यकीय जगतात पुष्कळ वाद झाला. बाळ रुग्णालयात येत नसेल, तर उपचार बाळाच्या घरी जावा, असे त्यांनी ठरविले. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातीलच स्त्रियांना त्यांनी प्रशिक्षण दिले. 'सर्च'च्या परिभाषेत त्या आरोग्यदूत. बाळंतपणाच्या वेळी सुईणीबरोबर हजर राहणे, बाळ रडले नाही तर श्वास सुरू करून देणे, वजन करणे, बाळाला ऊब देणे, स्तनपानातील अडचणी सोडविणे आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा घरी जाणे, ही त्यांची कामे होती. जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी प्रयोगशाळा नव्हती. सात लक्षणांची यादी होती. बाळाचे दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे वा बंद होणे, हातपाय लुळे पडणे, उलटी होणे किंवा पोट फुगणे, अंग हाताला थंडगार लागणे, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे आणि नाळेच्या जागी पू होणे. यांतील दोन लक्षणे एकदम दिसली की जंतुसंसर्ग समजावयाचा. आईवडिलांना प्रथम रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला जाई. ते शक्य नसल्यास त्यांची लेखी संमती घेऊन आरोग्यदूत जेंटामायसिनचे इंजेक्शन देत असे आणि तोंडाने द्यावयाचे प्रतिजैविक सुरू करीत असे. नवजात बाळास इंजेक्शन, तेही डॉक्टर वा परिचारिका नसलेल्या स्त्रीच्या हातून, ही कल्पना अनेक तज्ज्ञांना मानवली नाही. त्यांची शंका अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. तिचे उत्तर युक्तिवादाने नव्हे, तर आकड्यांनीच मिळावयाचे होते.

ते आकडे १९९९ सालच्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के बाळांना घरपोच सेवा मिळाली होती. त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ वरून २५.५ वर उतरला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. दोन्ही गटांतील फरक हिशेबात धरता निव्वळ घट ६२ टक्क्यांची होती. आरोग्यदूतांनी उपचार सुरू करण्यापूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के दगावली होती. उपचार सुरू झाल्यावर ७१ बाळांत हे प्रमाण २.८ टक्के झाले.

लेखापरीक्षणाच्या दृष्टीने या अभ्यासातील एक तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते. जन्ममृत्यूंची नोंद करणारे कार्यकर्ते वेगळे होते आणि बाळांची सेवा करणारे वेगळे. रोकड सांभाळणाऱ्याने हिशेबवही लिहू नये, हा आमच्या शाखेतील पहिल्या वर्षाचा धडा आहे. स्वतःच्या कामाचे यश स्वतःच मोजू लागले की आकडे नकळत मऊ पडतात. शंकेखोर परीक्षकांपुढे हा अभ्यास टिकून राहिला, त्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा असावा.

खर्चाचा तपशीलही निबंधात दिलेला आहे. दर बाळामागे ५.३ अमेरिकी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण दोनशे रुपये. १९९६ ते १९९८ या काळात दर अठरा बाळांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला. अठराने गुणले असता एक मृत्यू टाळण्यास सुमारे ९५ डॉलर लागले, असा हिशेब निघतो. आजच्या किमतींना हा आकडा लागू नाही आणि अतिदक्षता विभागातील खर्चाशी त्याची तुलना करणेही योग्य नव्हे. दोन्हीकडची बाळे सारखी नसतात. तथापि कोणत्याही धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांनी हे गणित एकदा स्वतः कागदावर मांडून पाहावे.

गडचिरोलीसारखेच यश सर्वत्र मिळाले असे मात्र नाही. उत्तर प्रदेशातील शिवगढ येथील अभ्यासात (२००८) मृत्यूंत ५४ टक्के आणि बांगलादेशातील सिल्हेट येथील अभ्यासात (२००८) ३४ टक्के घट आढळली. नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्यात तर औषधांवर नव्हे, गावातील स्त्रियांच्या गटचर्चांवर भर होता. तेथील गरोदरपणाविषयीच्या मासिक बैठकांनी नवजात मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. उलट घाना देशात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातील घट अल्प होती आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती निर्विवाद ठरली नाही. गडचिरोलीतील गावेदेखील चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे. शिवाय एका समर्पित संस्थेच्या देखरेखीखाली, दर पंधरवड्यास पर्यवेक्षक येत असताना होणारे काम आणि राज्यभर सरकारी यंत्रणेतून होणारे काम यांत अंतर राहणारच.

हे सारे लक्षात घेऊनही धोरणावर परिणाम झाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००५ पासून आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ पासून भारतात आशांमार्फत घरच्या घरी नवजात बालक सेवेचा कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशा ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशी जाते. जन्म घरी झाला असल्यास पहिल्या दिवशीही. इंजेक्शनाचा अधिकार आशांना दिलेला नाही. २०१४ च्या केंद्र शासनाच्या सूचनांनी विशिष्ट परिस्थितीत उपकेंद्रातील एएनएम भगिनींना जेंटामायसिन देण्याची मुभा दिली.

आता आपल्या नाशिककडे वळू. येथे कोणी असे म्हणेल की, गडचिरोलीची ती गोष्ट घरच्या बाळंतपणांच्या काळातली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रातील जवळपास ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात, तेव्हा तिचा आपल्याशी संबंध काय? संबंध आहे आणि तो थेट आहे. प्रसूती सुरळीत झाल्यास बाळबाळंतीण दोनतीन दिवसांत घरी जातात. अठ्ठावीसपैकी पंचवीस दिवस रुग्णालयाच्या भिंतींबाहेरच जातात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या तालुक्यांतून आलेली बाळंतीण घाट उतरून पाड्यावर पोहोचली की रुग्णालयाच्या दृष्टीने ती दिसेनाशी होते. आणखी एक अडचण बाहेरच्यांना सहसा सुचत नाही. केसपेपरवर पत्ता असतो सासरचा, आणि बाळंतीण सव्वा महिना राहते माहेरी. दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे आलेल्या कुटुंबांचा पत्ता तर हंगामासोबत बदलतो. सासरच्या गावातील आशाला बाळ दिसत नाही, माहेरच्या गावातील आशाला त्याची खबर नसते, आणि रुग्णालय ज्या क्रमांकावर दूरध्वनी करते तो बाळाच्या वडिलांच्या खिशात, दुसऱ्याच तालुक्यात असतो. त्या बाळाचे दूध ओढणे सहाव्या दिवशी मंदावले, तर ते कोणाच्या लक्षात यावयाचे?

म्हणून नातेवाईकांना येथेच विनंती आहे की, वर दिलेल्या सात लक्षणांपैकी एकही दिसले, तर दुसऱ्या लक्षणाची वाट न पाहता बाळास ताबडतोब रुग्णालयात आणावे. दोन लक्षणांची अट अभ्यासातील उपचारांसाठी होती, घरातल्या माणसांसाठी नव्हे. ताप आला अथवा बाळ जलद श्वास घेऊ लागले, तरीही तसेच करावे. बाळगुटी, मध व शेक-शेगडी यांत जाणारा अर्धा दिवस फार महाग पडतो.

नवजात अतिदक्षता विभागासाठी देणगी मागितली असता लोक व्हेंटिलेटर देतात, वॉर्मर देतात, कावीळ झालेल्या बाळांसाठीचे प्रकाशदिवे देतात. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, आणि त्यात काही वावगे नाही. याच नावांवर आपला विभाग उभा आहे. परंतु आईच्या खाटेसाठी देणगी आल्याचे माझ्या स्मरणात नाही. अशक्त बाळ काचेआड आणि आई बाहेर बाकावर, हे दृश्य आपल्या देशातील बहुतेक रुग्णालयांत इतके सवयीचे झाले आहे की त्यात कोणाला उणीव दिसत नाही. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली आणि कांगारू पद्धत म्हणून ती जगभर गेली. आपल्याकडेही ती वापरतात, पण बाळ स्थिरावल्यावर, दिवसातून तासदोन तास.

याच समजुतीची परीक्षा जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पाच रुग्णालयांत झाली. भारतातील रुग्णालय होते दिल्लीचे सफदरजंग. १ किलो ते १.८ किलोपर्यंतची ३,२११ बाळे या अभ्यासात होती. एका गटात बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केली गेली, आणि त्यासाठी अतिदक्षता विभागातच आईची खाट घातली गेली. त्या गटात बाळ दिवसाचे सुमारे सतरा तास आईजवळ होते. दुसऱ्या गटात सुमारे दीड तास. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू दुसऱ्या गटात १५.७ टक्के व पहिल्या गटात १२ टक्के झाले, म्हणजे चतुर्थांश घट. फरक इतका स्पष्ट होता की देखरेख मंडळाने अभ्यास मुदतीआधीच थांबविला. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारसही केली.

प्रशासनाच्या दृष्टीने हा बदल दिसतो तितका सोपा नाही. खाटांमधील अंतर वाढते, विभागातील बाळांची संख्या त्या प्रमाणात कमी होते, आईच्या जेवणाची, स्नानगृहाची व तिच्या स्वतःच्या तपासणीची सोय तेथेच करावी लागते. प्रसूती विभागाची परिचारिका व बालविभागाची परिचारिका यांच्या कामाच्या सीमा नव्याने आखाव्या लागतात. खाटेचे भाडे कोणाच्या बिलात लावावयाचे, हा प्रश्नही किरकोळ नाही. धर्मादाय रुग्णालयांना लागू असलेल्या योजनेप्रमाणे एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. या निधीवरील ताण अपुऱ्या दिवसांच्या एकेका बाळाच्या प्रदीर्घ मुक्कामाने किती वाढतो, हे लेखा विभागास चांगले ठाऊक आहे. आईची खाट बिलात न धरता ती न्यासाने उचलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मातांसंबंधीच्या एका अलीकडील अभ्यासाचा ओझरता उल्लेख करतो. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे जगातील प्रमुख कारण आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांतील दोन लाखांहून अधिक प्रसूतींच्या अभ्यासात रक्त नजरेच्या अंदाजाने न पाहता खुणा केलेल्या पिशवीत गोळा करून मोजले गेले, आणि ठरलेले सर्व उपचार एकामागून एक न देता एकाच वेळी देण्यात आले. तीव्र रक्तस्राव व त्याचे गंभीर परिणाम यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. पिशवी हे काही मोठे यंत्र नव्हे. नजरेला जो रक्तस्राव निम्म्या वेळा कळतच नव्हता, तो खुणेवर दिसू लागला, एवढेच.

विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ प्रशासनाने तीन बाबी सादर केल्या आहेत. नवजात अतिदक्षता विभागाच्या विस्तारित आराखड्यात बाळाशेजारी आईच्या खाटेची तरतूद असावी, आणि तेवढ्यासाठी बाळांच्या खाटा काहीशा कमी झाल्या तरी चालतील. प्रसूती कक्षात रक्त मोजण्याच्या पिशव्या नेहमीच्या साहित्याच्या यादीत घ्याव्यात. तसेच घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाची स्वतंत्र नोंदवही असावी. तिच्यात पहिले सव्वा महिना बाळ ज्या गावी राहणार आहे तेथील पत्ता, घरातील एखाद्या स्त्रीचा दूरध्वनी क्रमांक व त्या गावातील आशाचे नाव लिहून घ्यावे, आणि तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी चौकशी करून बाळाची स्थिती नोंदवावी. ही चौकशी विभागातील परिचारिकांनी न करता समाजसेवा विभागाने करावी, म्हणजे सेवा करणारा व नोंद ठेवणारा वेगळा राहील. या तिन्हींपैकी पहिल्या बाबीस खर्च मोठा आहे, दुसऱ्या बाबीस बेताचा आणि तिसऱ्या बाबीस एका कर्मचाऱ्याच्या वेतनाइतका. अहवालासोबतच्या देणगीपत्रकावर या वर्षापासून 'आईची खाट' असे स्वतंत्र शीर्ष छापले आहे.